इफुगाओची भातखाचरे : भिंतींमागचा संसार
फिलिपाईन्समधील लुझोन बेटावर, कॉर्डिलेरा पर्वतात इफुगाओ लोकांनी रचलेल्या भातखाचरांपैकी पाच समूह १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांच्या वयाचा वाद येथे थोडक्यात उरकणे इष्ट. बेयर आणि बार्टन या अभ्यासकांनी ती दोन-तीन हजार वर्षांची मानली, तर कियांगान परिसरातील अलीकडच्या उत्खननांवरून तेथे आधी अळूची लागवड होती आणि भातखाचरांचा मोठा विस्तार स्पॅनिश आगमनानंतर झाला, असे दिसते. वय घटले म्हणजे थोरवी घटली असे मानणारे आजही जुन्याच आकड्याला चिकटून असतात; वास्तविक परकीय सत्तेपासून दूर राहून, थोड्या पिढ्यांत एवढा डोंगर बांधून काढणे हा पराक्रम अधिकच मोठा ठरतो.

खाचरांचा खरा आधार मात्र त्यांच्या माथ्यावर असतो. कुटुंबे शेताच्या वरच्या अंगाला 'मुयोंग', म्हणजे खासगी राखीव रान, जोपासतात; ते पावसाचे पाणी धरून ठेवते, माती थोपवते, सरपण आणि घराला लाकूड पुरवते. हे पाणी पाटांनी एका खाचरातून खालच्या खाचरात उतरते, आणि ते बारमाही टिकवावे लागते, कारण चिखल वाळला की बांधाला भेगा पडतात आणि पुढच्या जोरदार पावसात भिंत ढासळते. 'तिनावोन' हे वर्षातून एकदाच पिकणारे देशी भात लोंबी-लोंबीने खुडून, जुड्या बांधून कोठारात ठेवले जाते. गावातील 'तोमोना', म्हणजे शेतीचा मुखिया, पहिली लावणी करतो, मगच इतरांची लावणी सुरू होते. 'मुंबाकी' हा पुरोहित विधी चालवतो आणि कामे परस्परांच्या श्रमांवर उरकतात. पेरणी-कापणीच्या वेळी, तसेच मृताच्या जागरणात, मुख्यतः स्त्रिया 'हुदहुद' हे कथागीत गातात. त्याची दोनशेहून अधिक आख्याने असून एकेक सुमारे चाळीस भागांचे असते, आणि ती पाठ असलेल्या बहुतेक स्त्रिया आता वृद्ध आहेत.

ऱ्हासाची कारणे सांगताना बांधांना भोके पाडणारी मोठी गांडुळे आणि १९८० च्या दशकात बाहेरून आणलेली, कोवळी रोपे फस्त करणारी गोगलगाय यांचीच नावे घेतली जातात. तीही कारणे खरी आहेत. परंतु बागियो-मनिला या शहरांकडे गेलेल्या तरुणांमागे बांध रोज पाहणारे हातच उरत नाहीत, धर्मांतरानंतर मुंबाकीचे वारस दुर्मीळ झाले आहेत, हे दुखणे अधिक खोल आहे. २००१ मध्ये धोक्यातील वारसा म्हणून नोंदलेली ही खाचरे २०१२ मध्ये त्या यादीतून बाहेर आली, तेव्हा अनेकांनी निःश्वास सोडला. पडलेल्या भिंती उभारण्यालाच संवर्धन समजणाऱ्या योजनाकारांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तिनावोनला रास्त भाव, मुयोंगवरील कुटुंबाचा हक्क आणि हुदहुद शिकणाऱ्या मुलींना पाठबळ मिळाल्याशिवाय दुरुस्त केलेली भिंतही टिकणार नाही.