पुसून जाण्यासाठी काढलेली रेघ

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंडच्या डोंगरांत, ॲलनहेड्स हे एकेकाळचे शिशाच्या खाणींचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावच्या जॉर्ज गार्डिनर नावाच्या दुकानदाराचे नाव पंचक्रोशीत झाले होते. दुकानात तो बायकांच्या टोप्या सजवून देई, पण नाव झाले ते रजयांमुळे, आणि त्याही त्याने शिवलेल्या नव्हेत. रजईच्या वरच्या सलग कापडावर तो निळ्या पेन्सिलीने नक्षी काढून देई: मधोमध फुलापानांची मोठी रचना, कडेने वळणदार वेली, उरलेल्या जागेत तिरप्या रेघांची जाळी. बायका ते कापड घरी नेत, आत लोकर किंवा कापूस आणि खाली अस्तर घालून चौकटीवर ताणत आणि निळ्या रेघेवरून धावदोरा घालत.

त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे त्याच्याइतकीच नावाजली. तिची चांदणीची रचना आजही तिच्याच नावाने ओळखली जाते. तिनेही शिकाऊ मुली ठेवल्या आणि आखणी हा शिवणकामापासून वेगळा, पोट भरणारा धंदा झाला. आज त्या भागातली एखादी जुनी रजई हाती आली आणि टाक्यांखाली निळी रेघ दिसली, तर जाणकार खूश होतात. रजई धुतलेली नाही, आणि आखणाऱ्याचा हात अजून वाचता येतो, अशा दोन्ही गोष्टी ती रेघ सांगते. खुद्द आखणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिथे रेघ उरणे म्हणजे काम अपुरे राहणे.

भरतकामात रेघ बहुधा दोऱ्याखाली झाकली जाते. रजईत तसे होत नाही. धावदोऱ्यात एक टाका वर, एक खाली. दोन टाक्यांमधली रेघ उघडीच राहते. शिवाय तीन थरांचे जाड काम घासून पुसता येत नाही, घासले की कापड विटते. म्हणजे रेघेने महिनोन्महिने हात, घाम आणि घड्या सोसायच्या आणि शेवटचा टाका पडला की मागमूस न ठेवता निघून जायचे. रेघ कुणीही काढेल. तिला घालवायची कशी, हे आधी ठरवावे लागते. शिशाची साधी पेन्सिल इथेच फसते. तिच्यातले ग्राफाइट म्हणजे कार्बन, ते पाण्यात विरघळत नाही आणि साबणालाही सहज दाद देत नाही.

या प्रश्नाचे मला सर्वांत देखणे वाटणारे उत्तर जपानमध्ये सापडले, तेही रजईवर नव्हे, किमोनोच्या रेशमावर. शिगा प्रांतातल्या कुसात्सु गावी आओबाना नावाच्या निळ्या फुलाची लागवड होत आली आहे. भर उन्हाळ्यात भल्या सकाळी पाकळ्या खुडायच्या, कारण दुपारपर्यंत फूल मिटून जाते. पाकळ्यांचा रस पिळून हातकागदावर कुंचल्याने फासायचा, वाळवायचा, पुन्हा फासायचा. कागद काळपट निळा आणि जड होईपर्यंत हेच चालते. क्योटोचा यूझेन पद्धतीने रेशीम रंगवणारा कारागीर त्या कागदाचा कपटा फाडून थेंबभर पाण्यात भिजवतो, की झाली शाई तयार. तिने नक्षी आखायची, रेघेवर तांदळाच्या खळीची बारीक धार सोडायची, मग रंग भरायचे. शेवटी कापड पाण्यात गेले की खळ जाते आणि निळी रेघही जाते.

कापड रंगवायला हा रंग कुचकामाचा, कारण पाणी लागले की तो ओघळतो. हाच दुर्गुण आखणाऱ्याच्या कामी आला. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर माजणारा केना याच कुळातला. त्याचीही फुले तशीच निळी आणि तशीच अल्पजीवी, पण आपण त्याच्या पानांची भाजी करून मोकळे होतो.

लखनौच्या चिकनकारीतही छपाई, कशिदा आणि धुलाई ही तीन वेगळ्या माणसांची कामे आहेत. लाकडी ठप्प्याने कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात आणि कशिदा पुरा झाल्यावर धोबी ती धुऊन काढतो. दुसरी रीत खाक्याची, म्हणजे ट्रेसिंग पेपरवरची नक्षी सुईने टोचून काढण्याची. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या नीळ किंवा सफेद्याचा बोळा वरून फिरवला की भोकांमधून ठिपके उमटतात. रॉकेलच का? ते उडून जाते, भुकटी मागे राहते आणि कापडावर पाण्याचे डाग पडत नाहीत. वास मात्र चार दिवस हटत नाही.

आता दुकानात पेने मिळतात. निळे पाण्याने जाते, जांभळे हवेने आणि तिसरे उष्णतेने. जांभळ्याची रेघ एक-दोन दिवसांत आपोआप विरते आणि हवेत दमटपणा असेल तर त्याआधीच. त्यामुळे पावसाळ्यात मुंबईला ते घेऊन मोठी रजई आखायला बसणे हा शुद्ध आशावाद आहे. निळ्याला गार साधे पाणी हवे. ते न देता आधी इस्त्री फिरवली किंवा साबणात बुडवले, तर रेघ पक्की होऊन बसण्याची भीती असते. हे पेनाच्या वेष्टणावरही छापलेले असते, वाचते कोण?

उष्णतेने जाणाऱ्या शाईची कथा जास्त रंजक आहे. जपानच्या पायलट कंपनीने 2006 मध्ये युरोपात फ्रिक्शन पेन आणले ते कागदासाठी. मागच्या टोकाने घासले की घर्षणाची ऊब लागून अक्षर नाहीसे होते. रजई करणाऱ्यांनी ते लगोलग उचलले, कारण इस्त्री फिरवली की आखणी गायब. शाईतल्या सूक्ष्म कुप्यांमध्ये रंगद्रव्य, त्याला रंग आणणारे द्रव्य आणि तापमानानुसार त्या दोघांची जोडी जुळवणारे-तोडणारे तिसरे द्रव्य असते. सुमारे 60 अंश सेल्सिअसला जोडी तुटते आणि रंग जातो, पण द्रव्ये कापडातच राहतात. उणे 10 अंशांच्या खाली पारा गेला की जोडी पुन्हा जुळू लागते आणि उणे 20 च्या आसपास रेघ पुरती परत येते. कॅनडा-मिनेसोटाच्या हिवाळ्यात गाडीत राहिलेल्या रजयांवर आखणी पुन्हा उमटल्याच्या तक्रारी म्हणूनच ऐकू येतात. तिकडच्या नातवंडांसाठी इथून रजई शिवून धाडणाऱ्या आज्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय गडद कापडावर इस्त्रीनंतर फिकट पांढुरकी रेघ मागे उरते, ती वेगळीच.

माझे मत विचाराल तर रंगच नको. इंग्लंडच्या उत्तरेतल्याच डरहॅमच्या बायका चौकटीवर ताणलेल्या कापडावर पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा ठेवून त्याच्या कडेने बोथट सुई दाबत नेत, की कापडाला खळी पडे आणि तीच रेघ. जपानी शिवणकामातले हेरा हे बोथट पाते हेच करते, आणि आपला शिंपी दुमड बसवताना अंगठ्याचे नख ओढतो तेही हेच. सुती एकरंगी कापडावर ही खळी स्वच्छ दिसते. छापील कापडावर ती हरवते, आणि जेवढे शिवायचे तेवढेच आखावे लागते, कारण हात फिरून ती विरते. सुईच्या पुढे हातभरच आखणी असल्याने मधूनच बेत बदलता येतो. निळी पेन्सिल तेवढी मोकळीक देत नाही.

गोधडीला तर एवढेही लागत नाही. कडेपासून सुरू झालेला धावदोरा आत आत सरकत जातो आणि प्रत्येक ओळीची आखणी म्हणजे तिच्या शेजारची आधीची ओळ. अंतर बोटाने मोजायचे. उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांची कवंद नावाची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे भरत जाते. कमळ, मोर, वेल असले काही काढायचे ठरले की मात्र आखणीपासून सुटका नाही.

तेव्हा पेन वापरायचेच असेल, तर रजईच्याच कापडाची चिंधी घ्या. तिच्यावर रेघ ओढा आणि आठवडाभर पडू द्या, कारण ताजी रेघ नेहमीच शहाण्यासारखी वागते. आधी गार पाणी, मग साबण, इस्त्री सगळ्यात शेवटी. पेन उष्णतेने जाणारे असेल तर इस्त्रीनंतर चिंधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे 18 अंश असतात. रेघ परत यायची असेल, तर चिंधीवर सकाळी दिसेलच.