खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी तापमापीची निवड : दिवा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्रातील रंगीत मासे काचेआड पाहण्याची संधी सामान्य माणसाला मिळाली. आता अशी टाकी दिव्यातील एखाद्या लहान सदनिकेतही ठेवता येते. मासे, मीठ व गाळणी यांवर सढळ खर्च करणारा हौशी पालक तापमापी मात्र सर्वांत शेवटी, हाती येईल ती घेतो. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार केला आहे.

प्रवाळ खडकांवरील माशांना साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो. २५ अंशांस एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच. म्हणजे खाऱ्या टाकीत चुकीला वाव मुळातच कमी. शिवाय क्षारता मोजणारा हायड्रोमीटर ठरावीक तापमानासाठीच अंकित केलेला असतो. तापमानाचे वाचन चुकले की क्षारतेचा हिशेबही चुकतो.

काचेवर बाहेरून चिकटवण्याची रंग बदलणारी पट्टी स्वस्त आहे; परंतु ती पाण्याचे नव्हे, तर काचेचे तापमान दाखवते, आणि काच पाणी व खोली यांच्या मधल्या तापमानाला असते. प्रस्तुत लेखकाच्या घरी जानेवारीतील एका रात्री हीटर बंदच झाला नाही. खोली थंड असल्याने पट्टी २९ अंश दाखवत राहिली. सकाळी टाकीत बुडवलेल्या तापमापीने ३२ दाखवले, तोपर्यंत क्लाऊनफिशची जोडी दगावली होती. (दिव्याच्या हवेत हीटरची गरज होती का, हा प्रश्न नंतर सुचला.)

पाऱ्याची तापमापी टाकीत कदापि वापरू नये. ती फुटल्यास पारा पाण्यात जातो. लाल अल्कोहोलची काचेची तापमापी साधी व टिकाऊ आहे. मात्र तिच्यातील द्रवस्तंभ मध्येच तुटलेला नाही ना, हे दुकानातच पाहावे. अंकीय तापमापी घेताना संवेदक प्लास्टिकने पूर्ण आच्छादलेला असावा. उघडा धातू खाऱ्या पाण्यात गंजतो.

दिव्यातील पालकाची खरी अडचण वेगळी आहे. सकाळची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या माणसाला एप्रिल-मेमधील दुपारचे तापमान कधीच दिसत नाही. म्हणून दिवसभरातील कमाल व किमान तापमान स्मरणात ठेवणारी अंकीय तापमापी येथे सर्वाधिक उपयुक्त, असे लेखकाचे मत आहे. जोडीला काचेची एक असावी. दोहोंत तफावत पडली की शंका तरी येते.

तपासणी : शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा व थोडे शुद्ध पाणी यांच्या मिश्रणात तापमापीने ० अंश दाखवले पाहिजे. यासाठी टाकीतील पाणी घेऊ नये. मिठाने बर्फाचे मिश्रण शून्याखाली जाते. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९ अंशांस गोठते. फॅरनहाइटने १७२४ साली वर्णिलेल्या मापश्रेणीचे शून्य अशाच खारट मिश्रणावर बेतलेले होते. ज्या तापमापीवर शून्याची खूण नाही, ती ३७ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ताप मोजण्याच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहावी. आढळलेला फरक कागदावर लिहून टाकीच्या झाकणावर चिकटवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा.