गप्पी माशांच्या टाकीतलं निळं-हिरवं शेवाळ कसं घालवायचं?



उन्हाळा लागला की मोहोळ तालुक्यातल्या गटांकडून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, गप्पीच्या टाकीत हिरवी साय धरलीय, वास मारतोय. काय टाकू?" कुणी मोरचूद टाकायला निघालेली असते, कुणी टीसीएल पावडर, तर कुणाला दुकानदाराने गोळ्या दिलेल्या असतात. म्हणून आजचं बोलणं याच शेवाळावर. आधीच सांगतो, यात टाकण्यासारखं जवळजवळ काही नाही. हाताने काढायचं आहे, आणि त्याचं खाणं तोडायचं आहे.

गप्पी मासे आपण कशासाठी पाळतो हे तुम्हाला माहीतच आहे. डासांच्या अळ्या खाणारा हा बोटभर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. साधारण महिन्याला नवी पिल्लं मिळतात, म्हणून त्याची पैदास घरच्या घरी जमते. डासाचं अंड्यापासून उडणारा डास होईपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला कोरडा दिवस पाळा असं आशाताई सांगतात ते त्यासाठीच. पण जनावरांचा मोठा हौद दर आठवड्याला रिकामा करणं उन्हाळ्यात परवडत नाही. तिथे गप्पी उपयोगी पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर गावाला मासे पुरवायचे, तर एप्रिल-मे महिन्यांत आपल्या पैदास टाकीतले मासे जगले पाहिजेत. आणि नेमकं याच दिवसांत हे शेवाळ माजतं. टाकी बिघडली की मासे जातात, मासे गेले की हौदात अळ्या होतात, आणि डेंग्यू-हिवतापाचा धोका आपल्याच दारात येतो.

हे शेवाळ ओळखायचं कसं?

टाकीत दोन-तीन प्रकारचं हिरवं दिसतं. सगळंच वाईट नसतं.

एक असतं केसासारखं, धाग्याधाग्याचं. काठी घालून उचललं तर केसांच्या गुंत्यासारखं काठीला लोंबतं. हे साधं शेवाळ. जास्त झालं तर काढून टाका, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. गप्पीची पिल्लं त्यात लपून वाचतात सुद्धा.

दुसरं म्हणजे आपलं आजचं निळं-हिरवं शेवाळ. ते बुळबुळीत सायीसारखं भिंतीवर, तळाच्या वाळूवर, पानांवर पसरतं. रंग गडद हिरवा, निळसर, कधी काळपट. बोटाने ढकललं की अख्खा पापुद्रा सुटून येतो. आणि त्याला कुबट, मातकट वास येतो. पहिल्या पावसानंतर जमिनीचा जो वास येतो, तो ज्या पदार्थामुळे येतो, तोच पदार्थ यातली काही शेवाळं पाण्यात सोडतात. मातीचा वास आपल्याला आवडतो, पण हौदातून तो आला तर सावध व्हायचं.

कधी पापुद्रा नसतो, सगळं पाणीच हिरवं असतं. तेव्हा एक सोपी तपासणी करा. हातात रबरी मोजे घाला. काचेची बरणी पाऊण भरून ते पाणी घ्या, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता फ्रिजमध्ये ठेवा. खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा, आणि ती बरणी पुन्हा घरात वापरू नका. सकाळी हिरवं तळाला बसलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर तरंगून हिरवं कडं धरलं असेल तर निळ्या-हिरव्याचा संशय घ्यायचा.

नाव शेवाळ असलं तरी खरं पाहता हे जिवाणू आहेत. फरक इतकाच की झाडासारखं उन्हावर ते आपलं अन्न तयार करतात. त्यातल्या काही जाती विष तयार करतात, काही करत नाहीत. डोळ्यांनी बघून ते कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी विषारी समजूनच वागायचं.

ते येतं कुठून, वाढतं कशावर?

त्याला चार गोष्टी लागतात: ऊन, कोमट पाणी, साचलेलं पाणी आणि खत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, टाकी अंगणात उघडी असते, आणि पाणी कमी म्हणून तेच पाणी महिना-महिना राहतं. तीन गोष्टी तर आयत्याच मिळाल्या.

चौथी गोष्ट खत. पिकाला आपण नत्र आणि स्फुरद देतो, तेच या शेवाळाचंही खाणं. टाकीत ते कुठून येतं? माशांना टाकलेली जास्तीची शेंगपेंड आणि कोंडा तळाला कुजतो, त्यातून. माशांच्या विष्ठेतून. शेणाची पाटी हौदावर धुतली, त्यातून. कपड्याच्या साबणाचं पाणी उडालं, त्यातून. आणि यातली काही शेवाळं हवेतलं नत्र सुद्धा स्वतः घेऊ शकतात. त्यामुळे नत्र कमी पडलं तरी त्यांचं अडत नाही, स्फुरद मिळालं की झालं.

हेच मोठ्या प्रमाणात पाहायचं तर उजनीकडे बघा. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत येतं आणि धरणात साचतं. मग उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी हिरवं झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आपली टाकी म्हणजे छोटं उजनीच. धरणाचं सांडपाणी थांबवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, टाकीचं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

घालवायचं कसं? दोन आठवड्यांचं काम

पहिला दिवस: साय काढणं. आधी हाताला रबरी मोजे. हाताला जखम असेल तर हे काम दुसरीने करावं. बारीक जाळीने तरंगणारी साय काढा. भिंतीवरची नारळाच्या शेंडीने घासा. तळाची घाण नळीने ओढून काढा, बॅरलमधून तेल काढतात तशी. पण तोंडाने ओढू नका. नळी आधी पाण्याने भरून घ्या, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक टाकीत आणि दुसरं खाली जमिनीवरच्या बादलीत सोडा. पाणी आपोआप येतं. नळीच्या टोकाला फडकं बांधलं तर पिल्लं ओढली जात नाहीत.

काढलेली साय खड्ड्यात पुरून टाका. कोंबड्या, शेळ्या, कुत्री जातील अशा जागी टाकू नका.

टाकी पूर्ण रिकामी करू नका. भिंतीवर आणि वाळूत चांगले जिवाणूही राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया तेच कमी करतात. ते सगळे धुऊन टाकले तर नव्या स्वच्छ पाण्यातही मासे मरतात. म्हणून एका वेळी तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात टीसीएल असेल तर ते उघड्या बादल्यांत एक दिवस उन्हात ठेवून मगच वापरा. काढलेलं पाणी झाडांच्या मुळाशी ओता. पालेभाजीवर शिंपडू नका आणि जनावरांना पाजू नका.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत: अंधार. टाकीवर ताडपत्री किंवा जाड गोणपाट टाका. कडेने हवा जाईल एवढी फट ठेवा, पण ऊन आत जाऊ देऊ नका. या दिवसांत खाद्य बंद. मोठे गप्पी तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात. नुकती जन्मलेली पिल्लं मात्र वेगळ्या बादलीत, चांगल्या पाण्यात ठेवून त्यांना चिमूटभर खाद्य द्या.

इथे एक गोष्ट विसरू नका. अंधारात शेवाळ मरायला लागतं, आणि मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून दहा-वीस वेळा धार धरा. मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ताडपत्री काढा आणि लगेच थोडं पाणी बदला.

सहावा दिवस: ताडपत्री काढा, मेलेली साय आणि तळाची घाण पुन्हा नळीने ओढा, तिसरा हिस्सा पाणी बदला. त्यानंतर आठवडाभर दर तीन दिवसांनी थोडं पाणी बदलत राहा. कुठे ठिपका दिसला की त्याच दिवशी पुसा.

त्यानंतर ते परत येऊ नये म्हणून: टाकीवर शेडनेटची हिरवी जाळी कायमची बांधा. खाद्य दिवसातून एकदाच, आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच. उरलं तर काढून घ्या. शेणाचे हात, पाटी, साबण टाकीपासून लांब. मासे फार झाले तर वाटून टाका, कारण मासे जास्त म्हणजे घाण जास्त. मात्र ते गावातल्या हौदांत आणि टाक्यांतच सोडा. सीना, भीमा, ओढा, तलाव यांत सोडू नका. बाहेरचा मासा तिथल्या आपल्या माशांच्या मुळावर येतो.

काय टाकायचं नाही?

मोरचूद नको. त्यातलं तांबं माशांना मारतं, आणि शेळ्या-मेंढ्यांनाही बाधतं. मेंढीला तर फार थोडं तांबंही सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मारलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं. साय नाहीशी झालेली दिसते, पाणी नितळ दिसतं, आणि नेमकं तेव्हाच ते जास्त धोक्याचं असतं.

टीसीएल आणि चुना नको, मासे जगणार नाहीत.

जिवाणूंवरच्या गोळ्या नकोत. हे शेवाळ जिवाणू असल्यामुळे त्या काही वेळा चालतात, हे खरं. पण त्यांनी चांगले जिवाणूही मरतात, आणि उरलेले वाईट जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. खाण्याचं कारण तसंच राहिल्यामुळे शेवाळ महिन्याभरात परत येतं.

कडबा किंवा पेंढा टाकायचा का, असंही काही जणी विचारतात. परदेशात तळ्यांमध्ये बार्लीचा पेंढा टाकून पाहतात, पण त्याचा गुण कुठे येतो, कुठे येत नाही. आपल्या छोट्या टाकीत कडबा कुजला तर प्राणवायू संपेल. कडबा म्हशीलाच घाला.

जनावरांच्या हौदाचं काय?

हे जास्त महत्त्वाचं आहे. १८७८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका सरोवरावर अशीच साय धरली होती. ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री, डुकरं मेली, आणि त्याची नोंद शास्त्रज्ञाने तेव्हाच लिहून ठेवली. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या बोट्सवानात तीनशेहून जास्त हत्ती मेले. तिथल्या सरकारनेही पाणवठ्यातल्या याच जिवाणूंचं विष हे कारण सांगितलं. हत्तीची ही गत, तिथे आपल्या शेळीचं काय?

म्हणून हौदावर किंवा शेततळ्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळी साय दिसली तर जनावरं तिथून लगेच हलवा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे साय जास्त जमते, आणि जनावर काठावरच तोंड लावतं. हे विष पाणी उकळून जात नाही, हेही ध्यानात ठेवा. लहान मुलांना त्या पाण्यात खेळू देऊ नका. जनावर थरथरलं, झोकांड्या खाऊ लागलं, चारा सोडला, किंवा कातडी उन्हाने भाजल्यासारखी झाली तर वाट बघू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा, आणि जनावराने कोणतं पाणी प्यायलं ते सांगा.

हौदात मासे नसतील तर काम सोपं आहे. रिकामा करा, घासा, एक दिवस कडक उन्हात वाळवा, मग भरा. शेततळं मोठं असतं, तिथे एकट्याने काही टाकायला जाऊ नका. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, सोबत पाण्याचा फोटो न्या.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्या काही गटांनी जनावरांसाठी अझोला लावलाय. अझोल्याच्या पानाच्या आत एक निळं-हिरवं शेवाळच राहतं. ते हवेतलं नत्र धरतं, म्हणून अझोला इतका पौष्टिक. भातशेतीतही असंच शेवाळ जिवाणू खत म्हणून वापरतात. तेव्हा ही जात मुळातून वाईट नाही. आपण तिला नको तिथे खायला घालतो, तिथे ती माजते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत बचतीचं वाचन झालं की दहा मिनिटं काढा. गटातल्या प्रत्येकीचा हौद आणि टाकी दोघींनी मिळून बघून या. साय कुठे आहे, सावली आहे का, खाद्य किती पडतं, शेणाची पाटी कुठे धुतली जाते, एवढं वहीत लिहा. जाळी आणि ताडपत्री गटात एकच घेतली तरी आळीपाळीने सगळ्यांना पुरते. पावसाळ्याआधी टाक्या स्वच्छ झाल्या तर गावाला द्यायला मासे आपल्याकडे तयार असतील.