उडी कुठे, विमान कुठे

वैमानिकाने जिथे उडी घेतली, तिथेच आसपास विमान पडले असणार, या समजाइतकी दिशाभूल वाळवंट किंवा बर्फही करत नसेल. हवाई छत्रीने माणूस खाली येतो. विमानाचे उड्डाण त्या क्षणी संपतेच असे नाही. १९७० मध्ये अमेरिकेतील मोंटानात गिरक्या खात कोसळणाऱ्या एफ-१०६ मधून वैमानिक बाहेर पडला आणि त्यानंतरच विमान सावरले. रिकामेच एका बर्फाळ शेतात पोटावर उतरले. म्हणून जुने लष्करी विमान शोधताना जमिनीआधी कागद तपासावे लागतात: शेवटचा संदेश, दिशा, उंची, उरलेले इंधन, वारा, ऑटोपायलट. उडीच्या जागेभोवती वर्तुळ आखून भागत नाही. तिथून पुढे संभाव्य उड्डाणाची रेघ ओढावी लागते.

मात्र कागदाचाही अर्थ चुकू शकतो. ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातील सोलुखहून नेपल्सवर बॉम्बफेकीसाठी निघालेले ‘लेडी बी गुड’ हे बी-२४ रात्री परतताना हरवले. त्याने बिनतारी संदेशाने दिशा विचारली, ती मिळालीही. पण विमान तळाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तेव्हाच्या यंत्रणेला ओळखता येत नव्हते. ते समुद्रात बुडाले असे धरून शोध समुद्रावर झाला. १९५८ मध्ये तेलाचा शोध घेणाऱ्यांना ते तळापासून सुमारे ७०० किलोमीटर आत, वाळवंटात दिसले. आत कोणीही नव्हते.

मग हे योगायोगानेच सापडले ना? कॅनडात १९५० मध्ये हवेतच सोडून दिलेले बी-३६ देखील समुद्रात गेले असे मानले होते. ते १९५३ मध्ये दुसरेच बेपत्ता विमान शोधताना डोंगरावर सापडले. आक्षेप खरा आहे, पण दोन्हीकडे योगायोगाला वाव मिळाला तो गृहीतकाने जमिनीकडे पाहूच दिले नाही म्हणून. शिवाय ‘लेडी बी गुड’चा सांगाडा सापडल्यावर पुढची दिशा तर्कानेच दाखवली. आत माणसे नाहीत, म्हणजे ती आधीच उतरली. वाळूत मागे टाकलेले बूट आणि छत्र्यांच्या कापडाच्या खुणा वायव्येकडे जातात, म्हणजे ती तिकडे चालली. १९६० मध्ये त्याच दिशेला पाच जणांचे अवशेष मिळाले. आजच्या रडारमुळे हा प्रश्न उरला नाही, असेही म्हणता येत नाही: सप्टेंबर २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनात वैमानिक बाहेर पडल्यावर एफ-३५ आणखी अकरा मिनिटे उडत राहिले आणि अवशेष दुसऱ्या दिवशी हाती लागले.

विमान कुठे गेले हे न कळल्याची सर्वांत जबर किंमत मोजली ती ‘लेडी बी गुड’मधून उडी मारणाऱ्यांनीच. समुद्र जवळ असावा या भरवशावर ते वायव्येकडे चालत राहिले. त्यांचे विमान पाठीमागे सुमारे २५ किलोमीटरवर वाळूत उतरले होते. त्यात पाणी होते आणि चालू स्थितीतला रेडिओही होता.