खर्ज भरदार होतो कसा?

खोल आणि भरदार

‘खर्ज’ हे ‘षड्ज’ या शब्दाचेच बदललेले रूप. मराठीत ते खालच्या स्वरासाठी रूढ झाले. खोल स्वर आणि भरदार स्वर मात्र एक नव्हेत. मूळ कंपनाची गती कमी असली की स्वर खोल होतो. त्या मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर प्रमाणात असले आणि नाद थोडा वेळ टिकला, तरच तो भरदार वाटतो. बास गिटार वाजवणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो आणि सप्ताहाच्या मंडपात पखवाज लावणाऱ्यापुढेही. बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर बहुधा कणकेत सापडते. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव हे पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचे गाव. ज्ञानेश्वरांचे पैठणजवळचे आपेगाव ते निराळे.

धूम आणि कणीक

पखवाजाच्या उजव्या, लहान पुडीवर, म्हणजे कातड्याने मढवलेल्या तोंडावर, शाई (काळा लेप) कायमची बसवलेली असते. डावी पुडी आकाराने मोठी. तिला धूम म्हणतात. वाजवण्यापूर्वी तिच्या मध्यभागी भिजवलेल्या गव्हाच्या कणकेचा गोल थर लावतात. साध्या ताणलेल्या कातड्याचा नाद मुळात ओबडधोबड असतो. गोल पडद्याचे पहिले काही कंपनप्रकार 1, 1.59, 2.14, 2.30 अशा बेहिशेबी प्रमाणात येतात, म्हणून कानाला त्यात स्वर सापडत नाही, नुसता ठोका ऐकू येतो. मध्यावर वजन दिले की हे प्रमाण बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये आणि पुढे 1934 मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर लिहिताना दाखवून दिले, की शाईच्या भारामुळे पुडीचे पहिले पाच उपस्वर जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, म्हणजे तारेच्या उपस्वरांसारखे. धुमेवरची कणीक मुख्यतः दुसरे काम करते. ती मूळ स्वर खाली ओढते आणि वरची खरखर दाबते. उजवी पुडी षड्जात लावली, तर धूम सहसा त्याच्या खालच्या सप्तकाकडे नेतात.

प्रमाण हाताला कळते. कणीक थोडी पडली तर धूम टणटणते, जास्त झाली तर नाद गुदमरतो. ती सैलसर मळलेली आणि गुठळ्या नसलेली हवी. मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात ती वाजवता वाजवता सुकते, स्वर चढू लागतो आणि पाण्याचा हात फिरवावा लागतो. पावसाळ्यात उलटा त्रास असतो. कातडे ओल धरते, ताण उतरतो, मग ताण देणाऱ्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी चालते.

तारेचे वजन

बास गिटारमध्ये हेच तत्त्व तारेला लागू होते. तारेची कंपनगती तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरते. लांबी व ताण तेच ठेवून वजन चौपट केले, की स्वर एक सप्तक उतरतो. लिओ फेंडर यांच्या 1951 च्या प्रिसिजन बासमध्ये तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच होती. त्यांच्याच साध्या गिटारमध्ये ती साडेपंचवीस. लांबी एक तृतीयांशाने वाढली, उरलेली उतरण मुख्यतः जाड तारेने साधली. नुसती जाड तार कडक होते आणि तिचे उपस्वर बेसूर होतात. त्यामुळे बारीक गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळून वजन वाढवतात. कणकेलाही हेच साधायचे असते: भार वाढावा, लवचिकता जाऊ नये.

आघाताची जागा

तार पुलाजवळ छेडली की उपस्वर वाढतात, नाद धारदार होतो. मानेकडे छेडली की मूळ स्वर वरचढ ठरतो, नाद गोल होतो. भरदार स्वरासाठी हात थोडा मानेकडे सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. पखवाजावर ‘गे’ या बोलासाठी खुली थाप देऊन हात लगेच उचलला जातो, म्हणून धूम घुमते. ‘क’साठी हात टेकून राहतो आणि नाद तिथेच थांबतो. ‘धा’ म्हणजे उजवीकडील ‘ता’ आणि डावीकडील ‘गे’ एकत्र. दोन्ही पुड्यांना खोडातली हवा जोडते, म्हणून एक बाजू उतरली की दुसरीही बिघडल्यासारखी वाटते.

कर्णा आणि कान

बास गिटारच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झ असतो, आणि त्याची हवेतील लहर आठ मीटरांहून लांब. मंडपातील कर्ण्याला एवढा खालचा स्वर झेपत नाही. तरीही ऐकणाऱ्याला खर्ज जाणवतो, कारण उपस्वर पोहोचले की मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवर भरदारपणा हवा असेल, तर खालचा पट्टा वाढवण्यापेक्षा मधले उपस्वर स्वच्छ ठेवणे अधिक उपयोगी ठरते. दिशादर्शी माईक धुमेच्या जवळ आणला की खालचे स्वर आपोआप फुगतात; हा माईकचाच गुणधर्म आहे.

मर्यादा

यंत्राचे बटण फिरवून नसलेला खर्ज निर्माण होत नाही. असलेला फुगतो आणि त्याबरोबर घरघर व शिट्टीही येते. भार, ताण आणि हात यांत चूक असेल, तर ती पुढच्या कोणत्याही पायरीवर सुधारत नाही. कणकेला तर आणखी एक अडचण आहे. ती शाईसारखी टिकत नाही. कीर्तन संपल्यावर ती खरवडून, पुडी पुसून ठेवावी लागते, आणि पुढच्या वेळी नवी कणीक मळावी लागते.