अठरा मिलिमीटरांची मोकळीक

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी ज्या फोटो स्टुडिओंनी रोलच्या जमान्यात लग्नसमारंभ, शाळांचे गटफोटो आणि सरकारदफ्तरी लागणारी पासपोर्ट छायाचित्रे काढली, त्यांच्या कपाटांत आज निरुपयोगी म्हणून पडून राहिलेल्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू कॅमेरा नव्हे, तर कॅमेऱ्यापुढे बसवलेले भिंग होय. १९९१ पूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. सोव्हिएत रशिया व पूर्व जर्मनी यांच्याशी मात्र रुपयांत देवघेव करण्याचे करार असल्यामुळे झेनिट आणि प्राक्टिका ही तिकडची यंत्रे आपल्याकडे येत असत, आणि पुढे जपानी पेंटॅक्स, याशिका, निकॉन यांची त्यांत भर पडली. फिल्म गेली, रोल धुण्याच्या खोल्या बंद झाल्या आणि कॅमेऱ्यांबरोबर भिंगेही अडगळीत गेली. यांपैकी कॅमेऱ्यांची हयात खरोखरच संपली होती, पण भिंगांची संपली नव्हती. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे महागडे नवे भिंग घेणे होतकरू छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेरचे असते, तेथे हा भेद समजून घेण्याला केवळ हौसेपलीकडचे महत्त्व आहे.

भिंग निकामी ठरते ते बहुधा काच खराब झाली म्हणून नव्हे, तर त्याची जोडणी, म्हणजे ज्याला सर्वजण माउंट म्हणतात ती, कालबाह्य झाली म्हणून. याचा सर्वांत बोलका दाखला कॅनन कंपनीचा आहे. १९८७ साली तिने ईओएस ही नवी मालिका काढली, तेव्हा माउंटपासून फिल्मच्या पातळीपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर ठरवले. १९७१ पासून तिनेच विकलेली एफडी मालिकेतील भिंगे मात्र ४२ मिलिमीटर अंतराच्या हिशोबाने घडवलेली होती. ती नव्या यंत्रावर बसवू गेल्यास अपेक्षेपेक्षा दूर राहत आणि क्षितिजावरचा डोंगर कधीच स्पष्ट दिसत नसे, सबब दोन मिलिमीटरांच्या फरकापायी उत्तमोत्तम भिंगांची अख्खी पिढी पोरकी झाली. रशियन व जर्मन भिंगांचीही निकॉनवर हीच गत होती, कारण त्यांच्या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आटेदार जोडणीला ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते आणि निकॉनचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. जात्याचा खुंटा सैल झाला म्हणून तळी आणि पाळू कोणी उकिरड्यावर टाकत नाही; छायाचित्रणात मात्र नेमके तेच घडले.

या अन्यायाचे परिमार्जन ज्या यंत्राने केले, ते भिंगांची कणव येऊन घडवलेले नव्हते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. तो वर उचलला जाण्यासाठी जागा लागे आणि म्हणून भिंग चाळीसहून अधिक मिलिमीटर पुढे बसवावे लागे. २००८ साली पॅनासॉनिकने लुमिक्स जी१ या कॅमेऱ्यातून हा आरसा काढून टाकला आणि दृश्य थेट संवेदकावरून इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दाखवले. २०१० साली सोनीचे एनईएक्स आले, २०१२ साली फुजीफिल्मचे एक्स-प्रो१, आणि २०१३ साली सोनीच्या ए७ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा पूर्ण संवेदक आला. आरसा गेल्याने सोनीच्या माउंटपासून संवेदकापर्यंतचे अंतर अवघे १८ मिलिमीटर राहिले. आता झेनिटचे भिंग बसवायचे, तर उरलेले २७.४६ मिलिमीटर अंतर भरून काढणारी धातूची पोकळ नळी पुरते, आणि अडॅप्टर म्हणतात तो हाच. त्यात काच नसते, तार नसते, विद्युत्परिपथ नसतो; तो प्रकाशात कोणताही फेरफार करीत नाही, फक्त अंतर राखतो. यंत्र लहान व्हावे या हेतूने केलेल्या बदलातून बहुतेक सर्व जुन्या घराण्यांच्या भिंगांना एकाच दारातून प्रवेश मिळाला.

या भिंगांपैकी हेलिऑस-४४ याची वंशावळ मोठी उद्बोधक आहे. गणितज्ञ गाउस याने १८१७ साली दुर्बिणीसाठी सुचवलेल्या भिंगरचनेचा सममित विस्तार करून झाइस कारखान्यातील पॉल रुडोल्फ याने १८९६ साली प्लानार हे भिंग सिद्ध केले. त्याच परंपरेत येना येथे व्हिली मेर्टे याने बायोटार घडवले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बायोटारचीच रचना रशियात हेलिऑस या नावाने हजारो हातांत पोहोचली. ५८ मिलिमीटर नाभ्यंतर, एफ २ एवढे मोठे छिद्र, चार गटांत बसवलेल्या सहा काचा असा त्याचा तपशील. चार गट म्हणजे हवा व काच यांच्या भेटीचे आठ पृष्ठभाग. प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होत असल्याने, १९३५ साली झाइसमधील स्माकुला याने परावर्तनरोधक लेपाचा शोध लावला नसता, तर अशा भिंगात चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जाऊन चित्रावर धुक्याची छटा आली असती. पूर्ण उघड्या छिद्राने छायाचित्र काढले असता मागची पर्णराजी गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. भिंगाच्या कडेला तिरप्या किरणांची वाट अंशतः अडते आणि त्याचे प्रतिमाक्षेत्र किंचित वक्र आहे, याचा तो परिणाम. बाभळीच्या विरळ, उन्हाने छेदलेल्या पानांपुढे वृद्ध शेतकऱ्याचा चेहरा घेतला, म्हणजे या दोषाचे गुणात रूपांतर कसे होते ते समजते. सोनी किंवा फुजीच्या लहान संवेदकावर हे भिंग ८७ मिलिमीटरच्या भिंगाएवढे क्षेत्र दाखवते, आणि व्यक्तिचित्रासाठी ते फार सोयीचे आहे.

वापराची रीत सोपी असली तरी ती शिस्तीने अंगवळणी पाडावी लागते. भिंग कॅमेऱ्याशी काहीच बोलत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूतून भिंगाविनाही शटर चालू देण्याची परवानगी प्रथम द्यावी. यंत्रात कंपनरोधक व्यवस्था असल्यास नाभ्यंतराचा आकडा हाताने भरावा. मग छिद्र पूर्ण उघडून, पडद्यावरील दृश्य मोठे करून फोकसची कडी फिरवावी, स्पष्ट कडांवर रंगीत रेघा उमटवणाऱ्या फोकस पीकिंगची मदत घ्यावी, आणि फोकस जमल्यावर छिद्र हवे तेवढे मिटावे. प्रकाशाचे मोजमाप कॅमेरा आपोआप करतो. बीडमधील कंकालेश्वर मंदिराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र कडी फिरवायला उसंत नसते. तेथे २८ मिलिमीटरचे भिंग एफ ८ वर ठेवून सुमारे पाच मीटरवर फोकस बांधले, की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे काही स्पष्ट येते आणि बोट फक्त शटरवर राहते. हा हिशोब मांडणारी मोजपट्टी जुन्या भिंगांवर कोरलेलीच असते. फक्त ती मोठ्या फिल्मसाठी आखलेली असल्याने लहान संवेदकावर एक पायरी कमी धरून वाचावी, म्हणजे छिद्र एफ ८ असताना ५.६ च्या खुणा पाहाव्यात. पाण्याच्या कुंडात उभ्या असलेल्या त्या देवळाचे प्रतिबिंब असो, किंवा अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यातील दगडी हत्ती असोत, एफ २ चे छिद्र अंधाऱ्या लेण्यातही तिपाईवाचून काम भागवते.

या भिंगांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात उडत्या मोराचा पाठलाग जुन्या २०० मिलिमीटरच्या भिंगाने करणे हे अत्यंत वाकबगार हाताचेच काम आहे. लग्नात अक्षता पडण्याचा क्षण हुकला, तर तो पुन्हा मागता येत नाही. आणि सूर्य समोर असेल तर जुना लेप हार खातो. बीडचा उन्हाळाही कसोटी पाहणारा असतो. चाळिशी ओलांडणाऱ्या तापमानात आतील ग्रीस पातळ होऊन तेल छिद्राच्या पात्यांवर उतरते आणि पाती चिकटतात, म्हणून भिंग मोटारीत विसरू नये. बुरशीचा उपद्रव येथे कोकणाच्या मानाने कमी असला, तरी पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगात तिचे जाळे पसरतेच. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा त्यावर स्वस्त व खात्रीचा उपाय होय. असाही एक दोष आहे की ज्यावर येथील ऊन हेच औषध ठरते. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर, एफ १.४ या सुपर ताकुमार भिंगाच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे आणि ती कालांतराने पिवळी पडते. खिडकीतल्या उन्हात, गवत-कागदांपासून दूर, एका बाजूस टोपण लावून काही दिवस ठेवल्यास तो पिवळेपणा बराच ओसरतो.

भिंग विकत घेताना ते उघडून उजेडासमोर धरावे, बुरशीचे धागे शोधावेत, पाती कोरडी व चपळ आहेत की नाही ते पाहावे, फोकसची कडी अडखळत नाही याची खात्री करावी. धुळीचे चार कण दिसले म्हणून माघार घेऊ नये. आणि असे भिंग हाती आल्यावर त्याला साजेसे काम या जिल्ह्यात विपुल आहे. गावोगावच्या वीरगळी, बारवा, धारूरच्या किल्ल्याचे बुरूज, अंबाजोगाईत यादव सेनापती खोलेश्वर याच्या नावाशी निगडित असलेले देऊळ व शिलालेख हे सर्व वर्षानुवर्षे उन्हापावसात झिजत आहेत. दगड हलत नाही. त्याला वेगवान स्वयंचलित फोकसची गरज नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात, कॅमेरा तिपाईवर समतल ठेवून, एफ ८ वर मिटलेले पन्नास मिलिमीटरचे कोणतेही चांगले जुने भिंग झिजलेल्या अक्षराची कड जितकी स्पष्ट टिपते, तितकी स्पष्टता शिलालेखाच्या वाचकाला पुरेशी आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी एक जुना बिनआरशाचा (मिररलेस) कॅमेरा, एक अडॅप्टर आणि स्टुडिओच्या कपाटातले एक भिंग एवढ्या भांडवलावर तालुकावार नोंदीचे हे काम हाती घ्यावे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे काहीही कारण नाही.