पोडालाही स्वतःची ग्रामसभा

'सरकार' म्हटलं की आपल्याला मुंबईचं मंत्रालय आठवतं, फार तर यवतमाळचं कलेक्टर ऑफिस. पण तुमचं गाव मारेगाव, राळेगाव, केळापूर किंवा घाटंजी तालुक्यात असेल, तर एक गोष्ट तपासून बघा: ते अनुसूचित क्षेत्रात आहे का?

इथली अनेक गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडतात. एखादा कायदा तिथं जसाच्या तसा लावायचा की नाही, हे राज्यपाल ठरवू शकतात. त्यात १९९६ चा पेसा कायदा आला. (महाराष्ट्राचे नियम यायला मात्र २०१४ उजाडलं!) तेंदूपत्ता, मोहफुलं यांवर मालकी गावाची. जमीन संपादन करायची तर आधी गावाशी सल्लामसलत. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो, तो कशावर लावायचा हे ग्रामसभेत ठरतं. एवढंच काय, कोलाम पोडालासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून आपली वेगळी ग्रामसभा मागता येते.

मतदार यादीत नाव आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहातच. तरी दवंडी ऐकली की आपण म्हणतो, ''कायले जायचं बा? म्हातारे बसतात तिथं.'' मग पैसा कुठं गेला, हे चहाच्या टपरीवर विचारतो. पुढची सभा कधी आहे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आजच विचारा.